मॅकमधले विंडोज आणि न दिसणारी हार्ड डिस्क

मालेगावात शुक्रवार हा लूमच्या सुटीचा दिवस. खटखट बंद असते, गल्ल्या शांत असतात आणि बरेच कारखानदार व व्यापारी जुम्याच्या नमाजनंतर आठवड्याचा हिशेब पुरा करायला बसतात. सुताचे किती देणे, कोऱ्या कापडाचे पाली-बालोत्र्याहून किती येणे, कारागिरांची उचल किती, हे सारे त्या दिवशी एका जागी येते. पूर्वी हे काम लाल वहीत होत असे. आता ते कॉम्प्युटरवर होते आणि शेवटी त्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतली जाते.

आमच्या परिचयातील कापडाच्या एका व्यापाऱ्यांकडे अशाच एका शुक्रवारी घडलेला प्रसंग या लेखाचे निमित्त आहे. त्यांचा मुलगा लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो आणि साड्यांच्या लेबलांची डिझाइनेही बनवतो. त्यासाठी घरात मॅक आला. दुकानाचा जुना कॉम्प्युटर बंद पडल्यावर हिशेबाचे टॅलीही त्याच मॅकवर आले. टॅली मॅकवर थेट चालत नाही, त्याला विंडोज लागते. म्हणून मुलाने मॅकच्या आत विंडोज बसवून दिले. काही महिने सारे सुरळीत चालले. त्या शुक्रवारी वडील एकटेच बसले होते. त्यांनी हार्ड डिस्क लावली, पडद्यावर काहीतरी विचारणा झाली, त्यांनी एक बटण दाबले आणि विंडोजने सांगितले की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? समोर दोन बटणे होती आणि बोट पहिल्या बटणावर गेले होते.

त्या डिस्कमध्ये तीन वर्षांचा हिशेब होता. तो केवळ त्यांचा नव्हता. त्यात कारागिरांचे येणे-देणे होते, भागीदाराचा हिस्सा होता, एका विधवा नातेवाईक बाईंनी व्यापारात लावलेली रक्कम होती. सुदैवाने त्यांनी बटण दाबले नाही आणि फोन उचलला. डिस्कला काहीही झालेले नव्हते. काय झाले होते ते आपण या लेखात क्रमाने पाहू, म्हणजे अशी वेळ आल्यास वाचकांना आपल्या हाताने मार्ग काढता येईल.

हिशेब ही अमानत

देण्याघेण्याचा करार मुदतीचा असेल तर तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, असा स्पष्ट आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत आहे आणि ती व्यापाराच्या नोंदीविषयी आहे, ही गोष्ट आपल्यासारख्या व्यापारी वर्गाने विसरता कामा नये. लिहून ठेवायचे म्हटले की ते जपून ठेवणेही ओघाने आले. जकात काढताना मालाची किंमत आणि वसूल होण्याजोगे येणे धरावे लागते. त्याचा आधारही हाच हिशेब.

कायद्याचीही तीच अपेक्षा आहे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. त्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे, सांभाळावी लागतात. डिस्क बिघडली किंवा चुकून पुसली गेली, ही सबब अधिकाऱ्यापुढे चालत नाही आणि ज्याचे येणे बुडाले त्याच्यापुढेही चालत नाही.

घरमालक आणि भाडेकरू

प्रथम मॅकमध्ये विंडोज कसे चालते ते समजून घेऊ. हे समजले की पुढचे निम्मे काम सोपे होते.

मॅक हा एक मोठा वाडा समजा. वाड्याचा मालक म्हणजे मॅकची स्वतःची प्रणाली. त्याने वाड्यातली एक खोली भाड्याने दिली आहे आणि त्या खोलीत विंडोज राहते. खोलीला भिंती आहेत, भाडेकरूला आपले सामान आहे, आपली वही आहे. परंतु वाड्याचा मोठा दरवाजा मालकाच्याच ताब्यात आहे. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू, मग ती पेनड्राइव्ह असो, हार्ड डिस्क असो की प्रिंटर, आधी मालकाच्या हातात पडते. मालकाने ती भाडेकरूकडे दिली तरच ती खोलीत पोहोचते.

ही खोली बांधून देणारी सॉफ्टवेअरे निरनिराळी आहेत. मॅकमध्ये २००६ साली इंटेलची चिप आली आणि त्याच वर्षी पॅरलल्स डेस्कटॉप बाजारात आले. २००७ साली व्हीएमवेअर फ्यूजन आले. व्हर्च्युअलबॉक्स हे तिसरे. पैकी पॅरलल्स विकत घ्यावे लागते. फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून व्यापारी वापरासाठीही मोफत झाले आहे. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मोफत आहे, मात्र त्याचा जोडभाग व्यापारी कामासाठी मोफत नाही. आत बसवायच्या विंडोजला वेगळा परवाना लागतो. मोफत मिळणारे साधन असताना चोरीची प्रत वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीचा हक्क मारणे होय, हे येथेच नमूद करून पुढे जाऊ.

आता न दिसणाऱ्या डिस्कचा शोध घेऊ. शोधाचा क्रम महत्त्वाचा आहे. वैद्य जसा आधी नाडी पाहतो आणि मग औषध देतो, तसे येथे आधी मालकाकडे पाहायचे आणि मग भाडेकरूकडे.

पहिली पायरी : डिस्क जिवंत आहे का?

विंडोज तूर्त बाजूला ठेवा. डिस्क मॅकला दिसते का ते पाहा. मॅकमध्ये 'डिस्क युटिलिटी' नावाचे साधन आहे. त्यात डाव्या बाजूला जोडलेल्या सर्व डिस्कांची नावे येतात. तेथे नाव असेल तर डिस्क, वायर आणि वीज या तिन्ही गोष्टी बहुधा ठीक आहेत. नाव नसेल तर विंडोजमध्ये कितीही शोधले तरी उपयोग नाही, कारण माल अजून वाड्यातच आलेला नाही.

नाव नसल्यास पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) वायर बदलून पाहा. बाहेरच्या डिस्कच्या तक्रारींत वायरीचा दोष फार वेळा निघतो. टाइप-सी वायरींपैकी काही फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. मोबाईलच्या चार्जरची वायर लावून डिस्क दिसण्याची वाट पाहणे म्हणजे नळ नसलेल्या भिंतीखाली घागर धरणे.

२) मधला हब काढा. लहान हार्ड डिस्क आपली वीज यूएसबीच्या जोडणीतूनच घेते. जुन्या यूएसबी २.० च्या जोडणीत ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० मध्ये ९०० मिलिअँपिअर एवढी वीज मिळण्याचा नियम आहे. एकाच हबवर माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क लावली की वीज पुरत नाही. डिस्क फिरू लागते, टकटक आवाज करते आणि थांबते. डिस्क थेट मॅकला लावा, नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

३) मॅकने परवानगी विचारली होती का ते आठवा. अॅपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकबुकवर २०२२ च्या व्हेंच्युरा आवृत्तीपासून नवी वस्तू जोडली की 'परवानगी द्यायची का?' असा प्रश्न येतो. घाईत 'नाही' दाबले गेले तर डिस्कला वीज मिळते, दिवाही लागतो, पण डिस्क दिसत नाही. डिस्क काढून पुन्हा लावा आणि परवानगी द्या. हा पर्याय सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात बदलता येतो.

४) थोडा धीर धरा. वीज गेल्यामुळे किंवा डिस्क तशीच ओढून काढल्यामुळे मागच्या वेळी ती नीट बंद झाली नसेल, तर मॅक ती दाखवण्यापूर्वी तिची तपासणी करतो. डिस्क एक्सफॅट पद्धतीची आणि मोठी असेल तर या तपासणीला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ डिस्क युटिलिटीमध्ये नाव फिकट दिसते आणि डिस्क उघडत नाही. डिस्क मेली असे समजून ती पुन्हा ओढून काढली तर तपासणी अर्धवट राहते आणि त्रास वाढतो.

दुसरी पायरी : डिस्क कोणाच्या हातात आहे?

मॅकला डिस्क दिसते आणि विंडोजला दिसत नाही, ही सर्वांत नेहमीची तक्रार. तिचे कारणही साधे आहे. यूएसबीची वस्तू एका वेळी एकाच्याच हातात राहू शकते. मालकाकडे आहे तोवर ती भाडेकरूकडे नाही, आणि भाडेकरूकडे गेली की मालकाच्या नजरेआड होते. एका किल्लीसारखेच हे आहे.

डिस्क लावल्यावर पॅरलल्स आणि फ्यूजन विचारतात की ही वस्तू मॅकला द्यायची की विंडोजला. आमच्या परिचितांनी नेमका येथेच नेहमीपेक्षा वेगळा पर्याय दाबला होता. हा प्रश्न आलाच नाही, किंवा पूर्वी कधी 'हेच लक्षात ठेव' अशी खूण केली असेल, तर हाताने द्यावे लागते. त्याची रीत अशी :

प्रथम विंडोज पूर्ण सुरू असू द्या. झोपवलेल्या विंडोजला वस्तू घेता येत नाही. मॅकच्या फाइंडरमध्ये डिस्कवर उघडी असलेली फाइल बंद करा आणि डिस्क 'इजेक्ट' करा, पण वायर काढू नका. मालकाने वस्तू हातातून सोडल्याखेरीज ती दुसऱ्याला नीट घेता येत नाही. नंतर पॅरलल्समध्ये वरच्या पट्टीतील 'डिव्हायसेस' या मेनूत 'यूएसबी अँड ब्लूटूथ' येथे डिस्कचे नाव निवडा. फ्यूजनमध्ये 'व्हर्च्युअल मशीन' या मेनूत तसाच भाग आहे, तेथे 'कनेक्ट' करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'डिव्हायसेस' मेनूत 'यूएसबी' आहे.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये आणखी एक अट आहे. विंडोज बंद असताना त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन यूएसबीचा योग्य कंट्रोलर निवडलेला असावा. नव्या डिस्कांसाठी ३.० चा कंट्रोलर ठेवावा. आवृत्ती ७.० पासून तो मूळ भागातच मिळतो, वेगळा जोडभाग लागत नाही.

मेनूत डिस्कचे नावच येत नसेल तर पॅरलल्स किंवा फ्यूजन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. मॅकची आवृत्ती नवी आणि सॉफ्टवेअर जुने असेल तरीही अशी अडचण येते. मोसमाच्या ऐन गर्दीत मॅक अपडेट करू नये, हा धडा यातूनच घ्यावा. आधी वापरातल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली का ते पाहावे आणि मगच अपडेट करावे.

तिसरी पायरी : डिस्कची लिपी कोणती?

आता आपण मूळ प्रसंगाकडे येतो. डिस्क विंडोजच्या हातात गेली, पण विंडोजने फॉरमॅट करण्याची परवानगी मागितली. याचा अर्थ डिस्क खराब झाली असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला ती वाचता येत नाही.

उर्दू उत्तम वाचणाऱ्या मुनीमापुढे मोडीतले जुने दस्तऐवज ठेवले तर तो म्हणेल, मला यातले काही कळत नाही. दस्तऐवज खरे असतात, त्यांतली माहितीही शाबूत असते. तरीही ते न वाचता आल्यामुळे 'हे कागद पुसून कोरे करू का?' असे कोणी विचारले तर आपण त्याला हात लावू देणार नाही. विंडोजचा प्रश्न नेमका असाच असतो.

डिस्कवर माहिती लिहिण्याच्या चार मुख्य पद्धती वापरात आहेत. त्या ओळखून ठेवाव्यात.

एनटीएफएस : ही विंडोजची आपली पद्धत. विंडोज ती वाचते आणि लिहिते. मॅक ती फक्त वाचतो, लिहू शकत नाही. म्हणून मॅकवर अशा डिस्कवर फाइल टाकायला गेले की ती घेतली जात नाही.

एपीएफएस : ही मॅकची २०१७ पासूनची पद्धत. त्यापूर्वी एचएफएस प्लस होती. या दोन्ही विंडोजला मुळीच वाचता येत नाहीत.

एक्सफॅट : ही दोघांनाही वाचता व लिहिता येते. दोन्हीकडे माल न्यायचा असेल तर हीच सोयीची. मात्र वीज गेली किंवा डिस्क ओढून काढली तर हिच्यातील माहिती बिघडण्याची भीती अधिक असते.

फॅट ३२ : ही जुनी पद्धत. लहान पेनड्राइव्ह बहुधा याच पद्धतीचे मिळतात. दोघांनाही वाचता येते, पण ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल यात बसत नाही. लग्नाचा लांब व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही आणि पेनड्राइव्हमध्ये जागा तर भरपूर दिसते, याचे कारण हेच.

आमच्या परिचितांची डिस्क विकत आणली तेव्हा एनटीएफएस होती. मुलाला तिच्यावर मॅकमधून व्हिडिओ टाकता येईनात, म्हणून त्याने तिच्यातील माहिती दुसरीकडे काढून डिस्क मॅकच्या पद्धतीची केली आणि माहिती परत ठेवली. वडिलांना हे सांगायचे राहिले. त्यानंतर डिस्क मॅककडेच राहत असे आणि टॅलीची प्रत मधल्या फोल्डरमधून तिच्यावर जात असे. त्या शुक्रवारी ती चुकून थेट विंडोजला दिली गेली आणि विंडोजला अनोळखी लिपी दिसली. उपाय दोन मिनिटांचा होता. 'रद्द करा' दाबले, मेनूतून डिस्क विंडोजकडून सोडवून मॅकला परत दिली आणि तीन वर्षांचा हिशेब जसाच्या तसा समोर आला.

म्हणून हा नियम दुकानात लिहून लावावा : फॉरमॅट करू का, असे विचारले की उत्तर 'नाही'. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'इनिशियलाइझ' असा शब्द येतो. मॅकवर कधी डिस्क वाचता येत नाही असे सांगून 'इरेज' किंवा 'इनिशियलाइज' पर्याय पुढे करतात. त्यांनाही उत्तर 'नाही' हेच.

कुलूपबंद डिस्कही अनोळखी वाटते. विंडोजच्या बिटलॉकरने बंद केलेली डिस्क मॅकला उघडत नाही. ती विंडोजकडेच द्यावी आणि तेथे पासवर्ड घालावा. मॅकमध्ये पासवर्ड घालून बंद केलेली डिस्क मॅककडेच उघडावी.

चौथी पायरी : डिस्क आली, पण अक्षर मिळाले नाही

काही वेळा डिस्क विंडोजकडे जाते, लिपीही ओळखीची असते, तरी 'धिस पीसी'मध्ये ती दिसत नाही. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते, जसे सी, डी, ई. ते अक्षर मिळाले नाही तर डिस्क पत्ता नसलेल्या पार्सलसारखी पडून राहते. पूर्वीच्या एखाद्या डिस्कशी किंवा मॅकने दिलेल्या सामायिक फोल्डरशी अक्षराचा घोळ झाला तरी असे होते.

विंडोजच्या स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात डिस्क दिसेल. तिच्यापुढे 'ऑफलाइन' असे लिहिले असेल तर त्यावर उजवे क्लिक करून 'ऑनलाइन' करा. भागाला अक्षर नसेल तर त्यावर उजवे क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' निवडा आणि वर्णमालेतील मधले एखादे मोकळे अक्षर द्या. या कामात माहिती पुसली जात नाही. परंतु त्याच मेनूत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट' हे शब्दही जवळजवळच असतात. घाई करू नये, मुलांना कडेवर घेऊन हे काम करू नये.

डिस्क उघडते पण काही फाइली उघडत नाहीत, असे झाल्यास आधी ज्या उघडतात त्या दुसरीकडे उतरवून घ्या. त्यानंतरच डिस्कच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'टूल्स' या भागातून तिची तपासणी करा.

दुसरा रस्ता : डिस्क मालकाकडेच राहू द्या

प्रत्येक वेळी डिस्क भाडेकरूकडे देण्याची गरज नसते. मालक आणि भाडेकरू यांच्यात एक सामायिक कपाट ठेवता येते. याला 'शेअर्ड फोल्डर' म्हणतात. विंडोज टॅलीची प्रत त्या कपाटात ठेवते, मॅक ती तेथून डिस्कवर टाकतो. अशा वेळी डिस्कची लिपी मॅकची असली तरी चालते, कारण विंडोजला डिस्कशी थेट बोलावेच लागत नाही.

यासाठी आतल्या विंडोजमध्ये त्या त्या सॉफ्टवेअरचे सहायक साधन बसवलेले असावे लागते : पॅरलल्स टूल्स, व्हीएमवेअर टूल्स किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अॅडिशन्स. ते नसेल तर कपाट दिसत नाही. कपाट दिसते पण बाहेरची डिस्क त्यात येत नाही, असे असेल तर मॅकच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' भागात त्या सॉफ्टवेअरला बाहेरच्या डिस्क पाहण्याची परवानगी आहे का ते बघा.

एक पथ्य पाळावे. टॅलीचा चालू डेटा सामायिक फोल्डरमध्ये किंवा बाहेरच्या डिस्कवर ठेवून काम करू नये. मध्येच वायर हलली किंवा वीज गेली तर नोंद अर्धवट राहते. चालू काम विंडोजच्या आतल्या डिस्कवर करावे आणि शेवटी टॅलीप्राइमच्या 'डेटा' मेनूतून 'बॅकअप' घेऊन ती प्रत बाहेर काढावी.

नवी चिप आणि जुनी कुलपे

नोव्हेंबर २०२० मध्ये अॅपलने मॅकमध्ये स्वतःची एम १ चिप आणली. त्यानंतरच्या मॅकवर जुने इंटेलचे विंडोज बसत नाही. एआरएम चिपसाठी बनवलेले विंडोज ११ लागते. मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅरलल्समार्फत ते चालवण्यास मान्यता दिली. मॅकचे दोन भाग करून विंडोज वेगळे चालवण्याची 'बूट कॅम्प' ही सोय या नव्या मॅकवर नाही.

या विंडोजमध्ये जुने साधे कार्यक्रम बहुतांशी चालतात, कारण विंडोज त्यांचे आतल्या आत भाषांतर करते. परंतु यूएसबीला लावायच्या वस्तूंचे जे ड्रायव्हर असतात त्यांचे असे भाषांतर होत नाही. ते एआरएमसाठीच बनवलेले असावे लागतात. साधी हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह यांचे ड्रायव्हर विंडोजमध्येच असतात, त्यांची अडचण नाही. अडचण येते ती कुलपांची.

मालेगावात उर्दू छपाईची जुनी परंपरा आहे. लग्नपत्रिका, पुस्तके, साप्ताहिके यांच्यासाठी छापखान्यांत इनपेज वापरतात. ते विंडोजचे सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या जुन्या परवानाधारक आवृत्त्यांबरोबर कुलूप म्हणून एक लहान वस्तू मिळत असे. ती लावल्याशिवाय कार्यक्रम उघडत नसे. जीएसटी किंवा कंपनीच्या कागदांवर डिजिटल सही करण्याचे टोकनही असेच. अशी वस्तू मॅकला दिसते, मेनूतून विंडोजला देताही येते, पण आत ड्रायव्हर नसल्याने कार्यक्रम म्हणतो, कुलूप सापडले नाही. येथे वायर बदलून किंवा पुन्हा पुन्हा लावून उपयोग होत नाही. विक्रेत्याकडे एआरएमचा ड्रायव्हर आहे का, हे विचारावे. नसेल तर त्या एका कामासाठी जुना विंडोजचा कॉम्प्युटर दुकानात ठेवावा. नवा मॅक घेण्याआधीच ही चौकशी केली तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

काढतानाचा क्रम

जोडण्याइतकाच काढण्याचा क्रम महत्त्वाचा. डिस्क विंडोजकडे असेल तर आधी विंडोजमध्ये 'इजेक्ट' करा. नंतर मेनूतून ती विंडोजकडून सोडवा. ती मॅककडे परत आली की मॅकमध्ये 'इजेक्ट' करा. त्यानंतर वायर काढा. डिस्क जोडलेली असताना विंडोज झोपवू नका आणि मॅकचे झाकणही लावू नका.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मॅकबुकला बॅटरी असते, पण टेबलावरच्या मोठ्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असतो आणि ती विजेबरोबर बंद पडते. मॅक मिनी वापरणाऱ्यांनी मॅक आणि डिस्क दोन्ही यूपीएसवर ठेवावीत.

चूक झालीच तर

फॉरमॅटचे बटण दाबले गेलेच तर तेथेच थांबावे. त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये, तपासणीचा कार्यक्रमही चालवू नये. फिरत्या हार्ड डिस्कवर झटपट फॉरमॅट केल्यास पुष्कळदा आतील माहिती लगेच पुसली जात नाही, फक्त अनुक्रमणिका जाते. जाणकाराकडे नेल्यास ती परत मिळू शकते. एसएसडी प्रकारात ही आशा कमी असते.

तीन प्रती, दोन जागा

शेवटी मूळ उपाय सांगून लेख संपवू. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात : एक चालू कामाची आणि दोन बॅकअपच्या. या दोन प्रती दोन वेगळ्या वस्तूंवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी. आपल्याकडे खाली कारखाना, वर घर आणि कपाटात डिस्क अशी रचना असते. आग लागली किंवा चोरी झाली तर तिन्ही एकदम जातात. एक डिस्क भावाकडे, भागीदाराकडे किंवा विश्वासू नातलगाकडे ठेवावी आणि दर महिन्याला बदलावी. डिस्कवर कागद चिकटवून तिची पद्धत लिहावी : ही मॅकची, ही विंडोजची, ही दोघांची. आमच्या परिचितांच्या घरी एवढा एक कागद असता तर त्या शुक्रवारचा घाम फुटला नसता.

आणखी एक गोष्ट. आतले सगळे विंडोज मॅकच्या दृष्टीने एकच मोठी फाइल असते. ते पूर्ण बंद करून त्या फाइलची प्रत अधूनमधून घेतली तर सारी खोली सामानासह दुसरीकडे मांडता येते. 'स्नॅपशॉट' म्हणजे मात्र बॅकअप नव्हे, कारण तो त्याच डिस्कवर राहतो.

प्रत घेतली म्हणजे काम संपले असेही नाही. वर्षातून दोनदा, समजा रमजानपूर्वी जकातीचा हिशेब करताना आणि मार्चअखेरीस, ती प्रत उघडून पाहावी. उघडली नाही तर ती प्रत नसल्यासारखीच आहे. आमच्या परिचितांनी आता दोन डिस्का घेतल्या आहेत. एकीवर 'फक्त टॅली, विंडोज' असे लिहिले आहे आणि दुसरी दर महिन्याला त्यांच्या भागीदारांच्या घरी जाते. त्या बाईंची रक्कम, कारागिरांची उचल आणि भागीदाराचा हिस्सा यांची नोंद आता एका बटणावर अवलंबून राहिलेली नाही. वाचक बंधू-भगिनींनी या शुक्रवारी आपली डिस्क उघडून पाहावी, एवढीच विनंती.